मोकळा की फुकट?

मनुष्य जन्मतः स्वतंत्र असतो. गोलरक्षक मात्र करार संपल्यावरही क्लबचाच असतो. नाहीतर उद्या गोलचे खांबसुद्धा रजा मागतील, असं युनियाव क्लबचे अध्यक्ष ओरेस्तेस यांचं मत होतं. ब्राझीलमधल्या पेद्रा रासा गावात या मताला विरोध नव्हता (खताची दोन्ही दुकानं त्यांचीच होती).

गोलरक्षक जेनेझिओला त्यांनी एका गाभण गाईच्या बदल्यात आणलं होतं. माणूस गुणी, थेट पोटावर आलेला चेंडू त्याने कधी सोडला नाही. त्याला शेजारच्या व्हार्झेआ आल्टाच्या संघात जायचं होतं. तिथे बायकोचं माहेर होतं, आणि पगार दर महिन्याला होई. करार संपला की तो टोपी हातात घेऊन अध्यक्षांपुढे उभा राही.

"जा की, बाळा!" अध्यक्ष मायेने म्हणत. "त्यांना दोन ट्रॅक्टर पाठवायला सांग, आणि खुशाल जा."

ट्रॅक्टर कोण पाठवतो? नवा करार होईपर्यंत पगार बंद, आणि दुसरीकडे खेळायलाही बंदी. क्लबच्या भाषेत याला 'कौटुंबिक जिव्हाळा' म्हणत.

मग २००१ साली ब्राझीलभर नवा कायदा लागू झाला: करार संपला, की खेळाडू मोकळा. ओरेस्तेस यांनी क्लबचा झेंडा अर्ध्यावर उतरवला. जेनेझिओने पहिली बस पकडली.

व्हार्झेआ आल्टाचे अध्यक्ष एव्हेराल्दो औषधांचे दुकानदार होते. त्यांनी विचारलं, "केवढ्याला?"

"कायद्याने मोकळा आहे, साहेब. म्हणजे फुकट."

"फुकट?" एव्हेराल्दोंनी त्याचे गुडघे दाबले, दात पाहिले. "मग खोट कुठे आहे?"

खोट सापडेना, त्यामुळे संशय पक्का झाला. जेनेझिओ पडेल चेहऱ्याने घरी परतला. इतकी वर्षं अडकलेला होता, तेव्हा निदान दोन ट्रॅक्टरांचा तरी होता!

ऐकून त्याच्या बायकोने, झुल्मिराने, घेवड्याच्या पातेल्यावर पळी आपटली. "अरे देवमाणसा! फुकट तर कोणी मांजराचं पिल्लूही नेत नाही. चल, ऊठ."

एव्हेराल्दोंपुढे ती पदर खोचल्यासारखी उभी राहिली. "दोन ट्रॅक्टर."

"पण बाई, तो तर मोकळा आहे ना?"

"आहेच. फक्त मालक बदललाय."

"कोण नवा मालक?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे."

दुपारपर्यंत घासाघीस चालली. दोन ट्रॅक्टर घसरत घसरत एका जुन्या मोटारसायकलवर आणि सासूच्या घराच्या नव्या छपरावर आले. भाव ठरताच एव्हेराल्दोंना त्याच्या हातांत एकदम जादू दिसू लागली. आणि जेनेझिओचे डोळे भरून आले: आजवर तो दोनदा विकला गेला होता, पण स्वतःच्या खिशात काही पडलं ते पहिल्यांदाच.

पेद्रा रासात ओरेस्तेस यांनी कायद्याचा जाहीर निषेध केला. माणसाला मोकळं सोडलं की तो भाव खातो, असं ते म्हणाले.

वाचकहो, तुम्ही तर शिकलेले, नोकरदार, कायद्याने केव्हाचेच मोकळे. ओरेस्तेसना हसायचं असेल तर खुशाल मोठ्याने हसा. फक्त साहेब जागेवर नाहीत ना, तेवढं आधी बघून घ्या.