सित्तना खालासाहेबांच्या प्राणिहाराची बखर

उमदुर्मान शहरच्या समस्त आयाबायांनी पुसिले जे, खालासाहेबांचे हाराचा मजकूर कैसा जाहला तो साद्यंत लिहावा, म्हणोन ही हकीकत कागदी चढविली. भिंतीस कान लावून ऐकिले आणि दुकानाचे पायरीवरून डोळां देखिले तितुकेच लिहिले. पदरचे तिखटमीठ जे पडले ते चवीपुरते, त्याची माफी असावी.

तरी वर्तमान ऐसे जे, तोबपोश, चहाबहाद्दर, गल्लीचे आधारस्तंभ सित्तना खालासाहेब यांचे बहिणीस कन्या जाहली, तिचे नाव रौधा ठेविले. मूल चाळीस दिवसांचे असता खालांनी भर बायकांत जबान दिधली जे, हिचे जिर्तिगास आपले हाताने जमविलेल्या प्राण्यांच्या छापाच्या नाण्यांचा हार घालीन, नाही तर तोंड दाखवणार नाही. जिर्तिग म्हणजे लग्नातला तो समारंभ, जेथे नवरानवरी परस्परांचे तोंडावर दुधाची चूळ मारितात आणि जो आधी मारील त्याचा अंमल घरावर चालतो. मग खालांनी तेवीस वर्षे फौज जमविली. हबशी मुलखातून ट्रकवाल्यासोबत सिंहाची नाणी आणविली, आणि आखातातून भावाचे मोज्यांत दडवून हरणे आली, आणि कंपाल्याहून एका नर्सबाईने मासे व बैल पोहोचते केले. उंट तर घरचेच. ऐशी वीस नाणी जमली, परंतु फौजेस सरदार नव्हता. जुन्या दहा गिरशांचे थोरले नाणे, ज्यावर उंटस्वार डौलाने चालिला आहे, ते मधले कोंदणासाठी काही केल्या मिळेना.

तें नाणे होते कोठे? तर बाजारात, उस्ताद ताजुस्सिर चांदीवाले यांचे भट्टीवर, खिळ्यास टांगिलेले! आणि हार घडवावयास दिला होता तोही त्यांजकडेच. सोहळा शुक्रवारी आणि मंगळवार उजाडला, तेव्हां खालांनी ठेवणीतला जांभळा तोब, म्हणजे तिकडील लुगडे, नेसून, गरम लुगमातांचा, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन, बाजारावर कूच केले.

मुलाखत बहुत थाटाची जाहली. चहा जाहला, गुडघ्यांची दुखणी जाहली, आणि मग खालांनी नाण्याकडे नजर टाकून तारीफ केली जे, ऐसा उंट सात मुलखांत नाही. त्या मुलखाचा रिवाज ऐसा की, वस्तूची तारीफ झाली की धन्याने ती पुढे करावी. उस्तादांनी तात्काळ खिळ्यावरून नाणे उतरविले, आणि वडीलधाऱ्या बाईस म्हणतात तैसे हाजा म्हणोन पुढे केले.

"घ्या हो हाजा, तुमचंच समजा."

आणि येथे घात जाहला! साठ वर्षांचे वळण जिभेवर धावून आले.

"छे छे, भलतंच काय उस्ताद!"

"अहो घ्या."

"नाही म्हणते ना! तिथंच शोभतंय ते."

तिसऱ्यांदा पुढे केले, तिसऱ्यांदा खालांनी परते सारिले, आणि वर आशीर्वादही दिला. तीन नकारांपुढे आग्रह करणे तो पाहुण्याचा अपमान, म्हणोन उस्तादांनी नाणे पुन्हा खिळ्यास लाविले. खाला पायरी उतरल्या तेव्हां काय करून बसलो ते ध्यानी आले, आणि भर बाजारात त्यांनी स्वतःचे कपाळ बडविले.

घरी रौधाने कानउघाडणी केली.

"खाला, तू आणायला गेली होतीस की नाकारायला?"

"अगं, तोंडातून गेलं! एकदा नाही, तीनदा!"

"मग परत जा आणि माग."

"मागू? मी? त्यापेक्षा नाईलमध्ये ढकल मला."

"बरं बाई, मधे निळा मणी घालू."

हे ऐकोन खाला ढसाढसा रडल्या. तेवीस वर्षांची जबान, सासरकडच्या बायका सोन्याने मढून येणार, आणि आपल्या पोरीचे गळ्यात मधोमध भोक! तेव्हां रौधासही भडभडून आले, आणि तिने हुकूम सोडिला जे, खालांनी दिलेले घेण्याची तालीम करावी. बुधवारी दिवसभर ती उस्ताद झाली. चमचा पुढे केला, खाला म्हणाल्या नको. उशी पुढे केली, नको. खालांचीच चप्पल खालांस देऊ केली, तरी नको! सतराव्या खेपेस एक वाटी कशीबशी घेतली आणि घाम पुसला. तेवढ्यावर मोहीम निघाली.

गुरुवारी दोघी दुकानी दाखल जाहल्या. हार तयार होता. सिंह, हरणे, मासे, बैल सारे रांगेने आणि मध्ये रिकामे कोंदण. खालांनी उंटाची तारीफ पहिल्यापेक्षा सवाई केली. परंतु उस्ताद तीन नकार पचवून बसले होते, नाणे हलेना. उलट हार हाती तोलून तेच बोलिले, "काय जमलाय हो हाजा! माझ्या हातून असा दुसरा झाला नाही."

तारीफ! खालांचे तोंड आपोआप उघडले. "घ्या की मग, तुमचाच!"

रौधाने मागून खालांचा तोब ओढिला. उस्ताद म्हणाले नको. खालांनी, रिवाज तो रिवाज, पुन्हा पुढे केला. पुन्हा नको. तिसऱ्यांदा केला आणि उस्तादांनी हार भट्टीचे उजेडात फिरवून पाहिला. तेवढ्या वेळात खालांना तेवीस वर्षे डोळ्यांपुढून जाताना दिसली.

"नको," उस्ताद म्हणाले. "पण तुमचं देणं मी परत करतोय. रिकामं कसं करू? शेजारणीचं ताट कधी रिकामं जातं का?" आणि खिळ्यावरचे नाणे काढून कोंदणावर धरिले. "चालेल?"

खालांचे ओठांवर "छे छे" आले. रौधाने झेप घालून त्यांचे तोंड तळहाताने दाबिले आणि ओरडली, "चालेल! चालेल! बसवा लवकर!"

उस्ताद हसत सुटले, आणि चार ठोक्यांत उंटस्वार आपले जागी स्वार जाहला.

शुक्रवारी जिर्तिगास रौधाने दुधाची चूळ ऐशी मारिली की नवरदेवाची टोपी भिजली, अंमल कायम जाहला. तों सासूबाई सोन्याने लखलखत पुढे आल्या, हार चिमटीत धरिला आणि म्हणाल्या, "अगबाई! किती सुरेख आहे हा!"

गल्लीस ठाऊक होते की आता खाला काय बोलणार. रौधाचे हात मेंदीने गुंतलेले, तोंड दाबावयास कोणी नाही. खालांनी तोब सावरिला.

"आहेच सुरेख," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने जमवलेला आहे. माझ्या पोरीचा आहे. कोणाला देणार नाही."

क्षणभर कोणाचा विश्वास बसेना. मग सासूबाईच आधी खो खो हसल्या आणि साऱ्या बायकांनी जिभा नाचवून किलकारी केली, ती पैलतीरी खार्तुमपर्यंत गेली म्हणतात. येणेप्रमाणे सित्तना खालासाहेबांनी जन्मात पहिल्यांदा नाही म्हणावयाचे जागी नाही म्हटले, मोहीम फत्ते जाहली, आणि ती येथे सर्वांचे साक्षीने नोंदिली असे.