सासऱ्यांच्या काठीची मूठ

मासे पकडायचा रॉड विकत न आणता घरीच बनवायचा, असं जावईबापूंनी ठरवलं आणि तिथेच माशी शिंकली.

गृहस्थ पेशाने कारकून, राहायचे सासूबाईंच्या घरात. सासरे हयात असताना म्हणायचे, "या माणसाला साधा खिळा ठोकता यायचा नाही!" (ठोकला होता एकदा. थेट नळाच्या पाइपात.)

रॉडसाठी लवचिक कांब मिळाली, दोरा ओवायच्या कड्या मिळाल्या. घोडं अडलं मुठीपाशी. हातात नीट बसेल अशी मूठ घरात एकच होती, सासऱ्यांच्या काठीची. ते गेल्यापासून ती त्यांच्या खोलीत तशीच उभी होती. सासूबाईंनी बजावलं होतं, "हिला हात लावलात तर त्याच दिवशी बॅग भरायची."

शनिवारी दुपारी बायको बाहेर गेली, सासूबाई घोरू लागल्या. जावईबापूंनी खोलीचं दार लावून काठी कापली. मूठ रॉडला चिकटवली, उरलेला तुकडा कपाटावर लपवला. मग कड्या दोऱ्याने कांबेला बांधल्या, त्या बांधणीवर रोगण चढवलं. हे रोगण वाळेपर्यंत रॉड सारखा फिरता ठेवावा लागतो, नाहीतर ते ओघळतं. त्यासाठी जुन्या मायक्रोवेव्हची मोटर जोडली होती. रॉड अगदी सावकाश फिरू लागला.

दर फेरीला एक कडी कपाटाच्या किल्लीला लागायची. टक. मग बराच वेळ शांतता. मग पुन्हा टक.

बाहेर आभाळ भरून आलं होतं. खुंटीवरच्या सासऱ्यांच्या कोटाला अजून तंबाखूचा वास येत होता.

"अहो, आलात?" दारापलीकडून सासूबाईंचा आवाज आला. "काठीचा आवाज ओळखला मी."

जावईबापूंची बोबडीच वळली.

"बरं झालं आलात. हे घर जावयांच्या नावावर करावं म्हणते. माणूस भरवशाचा आहे ना? हो असेल तर एकदा वाजवा, नाही तर दोनदा."

भीती पळाली, आशा उगवली. जावईबापूंनी चटकन प्लग उपटला आणि रॉड हाताने, बेताने, एकदाच फिरवला.

टक.

झालं! घर आपलं! प्लग हातात होता, रॉड जागच्या जागी स्थिर होता.

टक.

आवाज कपाटावरून आला होता.

जावईबापूंना वर बघायचा धीर होईना. बाहेर सासूबाईंनी सुस्कारा सोडला.

"वाटलंच मला! चाळीस वर्षांत पहिल्यांदा आपलं एकमत झालं हो."