ऐंशीवर अडलेला लॅपटॉप

"लॅपटॉपला काय झालंय ते मला नुसतं त्याच्याकडे बघून कळतं!" जावईबापूंनी जाहीर केलं आणि सासुरवाडीच्या सोफ्यावर ऐसपैस मांडी ठोकली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. या घरात जावयाच्या शब्दाला नाही म्हणायची पद्धतच नव्हती. मागच्या खेपेला जावईबापूंनी हौसेने सगळ्यांसाठी चहा केला, तेव्हा सासऱ्यांनी "चव काही वेगळीच आहे हो!" म्हणत दुसरा कप मागून घेतला होता. तेव्हापासून जावईबापू स्वतःला चहातलेही जाणकार समजत.

दुखणं तसं साधं होतं. मेहुणीचा लॅपटॉप ऐंशी टक्क्यांवर येऊन अडला होता. चार्जर लावलेला, पण आकडा पुढे सरकेना. दुपारी चारला तिची ऑनलाइन मुलाखत होती. आधीची नोकरी गेल्यापासून बिचारी अर्ज करकरून थकली होती आणि आत्ता कुठे एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं.

"भाऊजी, ऐंशी टक्के पुरेल मला. आणि हे बघा, इथे कोपऱ्यात काहीतरी लिहून येतंय..."

"लिहिलेलं वाचत बसायचं नसतं, निदान करायचं असतं!" जावईबापूंनी लॅपटॉपच्या पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले. "अजीर्ण! जुना करंट आत साचलाय. आधी सगळा बाहेर काढायचा, मग ताजा भरायचा."

"बाई गं!" सासूबाई हळहळल्या. "कधीपासून साचला असेल?"

झालं! चार्जर निघाला. पडद्याचा उजेड डोळे दिपतील इतका वाढला, आवाज शेजारी ऐकू जाईल इतका मोठा झाला आणि करंट बाहेर काढण्यासाठी पेंग्विनांवरची फिल्म सुरू झाली. सासरे आधी जावयाच्या मानापोटी बसले आणि मग त्यांना जागचं उठवेना. जेवणसुद्धा पेंग्विनांसमोरच झालं. मेहुणी दर थोड्या वेळाने येऊन आकडा बघायची आणि ओठ चावत परत जायची.

अखेर आकडा लाल झाला. चार वाजायला अर्धाच तास उरला होता.

"आता लावू का चार्जर?" मेहुणीने हात पुढे केला.

"या भिंतीतल्या प्लगात? छे! इथला करंट अगदी पातळ आहे. गिझरकडे बघ, बादलीभर पाणी उकळतो. तिथला करंट जाडा!"

"अहो, गिझर तिकडे बाथरूमपाशी आहे," जावईबापूंची बायको म्हणाली. "वायर पोचायची कशी?"

"घरातले सगळे एक्स्टेंशन बोर्ड काढा!"

तीन निघाले. एक घेऊन बायको बाथरूमच्या वाटेला लागली, एक घेऊन सासरे मधल्या दारात उभे राहिले, एक घेऊन सासूबाई टेबलापाशी. जावईबापूंनी सासूबाईंच्या बोर्डात चार्जर लावला आणि सोफ्यावरूनच हुकूम सोडला, "प्रत्येकाने आपली पिन शेजारच्या बोर्डात खोचा!"

हुकूम म्हणजे हुकूम. सासूबाईंनी पिन सासऱ्यांच्या बोर्डात खोचली, सासऱ्यांनी बायकोच्या. बायकोला गिझरचा प्लग जवळ होता, पण तो काही बोर्ड नव्हता. शेजारच्या बोर्डात म्हटलंय तर बोर्डातच! ती उलट्या पावली आली आणि तिने आपली पिन सासूबाईंच्या बोर्डात खोचली.

"या बोर्डांचे दिवे का लागत नाहीत?" सासऱ्यांनी भीत भीत विचारलं.

"कसे लागतील? सगळा करंट लॅपटॉपकडे धावतोय!"

आकडा चारचा तीन झाला. तीनचा दोन झाला.

आता मात्र मेहुणीचा धीर सुटला. ती चार्जरच्या वायरीमागोमाग निघाली. टेबल, मधलं दार, बाथरूमची वाट असं करत ती परत टेबलापाशीच येऊन पोचली. तिने एकदा तिन्ही बोर्डांकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे. मग चार्जर उपटला आणि पातळ करंटाच्या प्लगात घातला.

जावईबापूंनी कानांवर हात ठेवले. स्फोट काही झाला नाही. आकडा गुमान वर चढू लागला.

मुलाखत लांबली. बंद दाराआडून समोरच्यांचा प्रश्न ऐकू आला, "कठीण माणसांबरोबर काम करायचा अनुभव आहे का?" त्यावर मेहुणी कितीतरी वेळ बोलत होती, आणि पलीकडची माणसं खो खो हसत होती!

बाहेर आली ती नाचतच. "घेतलं मला! सोमवारपासून या म्हणाले!"

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जावईबापू पुढे सरसावले. "बघा, पोट साफ केल्याचा गुण!" एवढ्यात उघड्या दारातून त्यांची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर गेली आणि चेहरा पडला. "ऐंशी! पुन्हा अडला! बोर्ड आणा रे!"

"भाऊजी, कोपऱ्यातलं वाचते हं आता," मेहुणी म्हणाली. "'बॅटरी जपण्यासाठी चार्जिंग ऐंशीवर थांबवले आहे.' ही सोय मागच्या खेपेला तुम्हीच करून गेला होतात. म्हणाला होतात, याने बॅटरीचं आयुष्य वाढतं."

जावईबापू गुपचूप वायरी गुंडाळायला लागले. बायकोने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

सासऱ्यांनी घसा खाकरला. इतक्या वर्षांत ते जावयाला एक उणा शब्द बोलले नव्हते.

"जावईबापू, आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या चहात मीठ होतं."