माहितीस्तव प्रत, पोलीस ठाणे

लोकशाही कशी चालते हे अख्ख्या बीड जिल्ह्यात कुणाला नीट माहीत असेल तर ते मला! उगाच बढाई मारत नाही. उभी हयात हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवलंय मी. आता विषय वीस मार्कांचा, त्यातले निम्मे तोंडीचे, आणि तोंडीचे मार्क आम्ही तोंड बघून द्यायचो, ते सोडा! पण हक्क, कर्तव्ये, ग्रामसभा, सगळं कसं माझ्या जिभेवर. त्यामुळे आमच्या उंबरदऱ्याची एसटी बंद झाली तेव्हा गावानं कपाळाला हात लावला आणि मी फक्त चष्मा पुसला. म्हटलं, आता बघाच!

एसटी का बंद झाली? आगारवाले म्हणाले, रस्ता खराब आहे. बांधकामवाले म्हणाले, रस्ता करायचा तर त्यावर वाहतूक पाहिजे. आमच्या रस्त्यावर वाहतूक म्हणजे काय, तर तीच एसटी! दोन्ही खाती आपापल्या जागी बरोबर होती. चूक गावाची, कारण गाव रस्त्याच्या टोकाला होतं. तेव्हापासून आम्ही फाट्यापर्यंत पायी.

सगळ्यात जास्त हाल ऋतुजाचे. ही आमच्या शेजारच्या सुंदरबाईची नात. आईबाप ऊसतोडीला कोयता घेऊन कर्नाटकात आणि पोरगी आजीपाशी, बारावीला. रोज अंधारात फाट्यापर्यंत चालायचं, तिथं काळीपिवळी मिळाली तर मिळाली. कॉलेजला उशीर झालेला चालतो, पण बोर्डाच्या पेपरला अकराला गेट बंद म्हणजे बंद.

"एक जरी पेपर बुडला ना गुर्जी," सुंदरबाई म्हणाली, "तर पुढल्या साली हिला बी कोयत्याला न्यायचं म्हणतो हिचा बाप."

ऋतुजा खाली मान घालून उभी होती. ती तशीही फार बोलत नाही. वर्गात हजेरीलासुद्धा तिचा आवाज कुणी ऐकलेला नाही. मी म्हणालो, "आजी, काळजी करू नका. मंत्रीसाहेब तालुक्याला भूमिपूजनाला येतायत. मी स्वतः त्यांच्या हातात निवेदन देतो!"

आमच्या सौभाग्यवती, म्हणजे वत्सलाबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मागं नळाचं दिलतं, त्याचं काय झालं?"

"ते विचाराधीन आहे."

"आन् नळ?"

"तोही."

मी निवेदन लिहिलं. काय भाषा! काय शुद्धलेखन! शेवटी रिवाजाप्रमाणे 'अन्यथा आम्हाला लोकशाही मार्गाने आंदोलन करावे लागेल' ही ओळ टाकली. ही ओळ प्रत्येक निवेदनात असते, 'आपला विश्वासू'सारखी. ती कुणी मनावर घेत नसतं. खाली प्रती लिहिल्या: मा. जिल्हाधिकारी, मा. तहसीलदार, मा. आगारप्रमुख आणि (इथं माझी हुशारी बघा!) मा. पोलीस निरीक्षक, माहितीस्तव. प्रती आधीच पोस्टानं धाडल्या. कसं सगळं कायदेशीर पाहिजे.

मंडळी, पहिल्या तिघांनी ते तेव्हा उघडलंसुद्धा नाही. चौथ्यानं शेवटपर्यंत वाचलं!

मंत्री येणार त्या दिवशी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, केसांना कलप केला आणि ओट्यावर आलो, तर वेशीतून धुरळा उडवत गाडी! किती दिवसांनी गावात सरकारी गाडी शिरत होती. पोरं मागं धावली. सुंदरबाई तर देवापुढचा नारळ घेऊनच पळत सुटली.

"एसटी चालू झाली वं!"

"आजी, निळी कावून हाय पर?" एका पोरानं विचारलं.

"नवी काढली आसंल!" म्हणत तिनं गाडीच्या बंपरवर नारळ फोडला. आतून उतरलेल्या जमादाराच्या बुटांवर पाणी उडालं.

जमादार म्हणजे अजिनाथ. माझाच विद्यार्थी. तोंडी परीक्षेत मी त्याला विचारलं होतं, पोलिसांचं काम काय? तो म्हणाला होता, "उचलणं." मी भोपळा दिला होता.

"सर, चला," अजिनाथ म्हणाला.

"कुठं?"

"तालुक्याला. ठाण्यात."

"कावून रे? मी काय केलं?"

"केलं न्हाई, करणार हायेत. आंदोलन! तुमीच लिवून कळवलं की."

"अरे, ते निवेदन दिल्यावर काही झालं नाही तर! अजून मी दिलंच नाही!"

"म्हणून तर आज आलो. दिल्यावर मग काय उपेग?"

नेलं मला. ठाण्यात झडती. मंत्र्यांना काळं दिसता कामा नये, असा हुकूम होता. छत्री गेली. मोजे गेले. निवेदन 'आक्षेपार्ह साहित्य' म्हणून जप्त झालं. मग अजिनाथ माझ्या डोक्याकडं बघत राहिला.

"सर, केस लई काळे केलेत तुमी."

"आता ते पण जप्त करतोस का बे?"

"तसं न्हाई. ही पांढरी टोपी घाला अन् गप बसा."

बसलो. चहा आला. पोहे आले. मंत्री मात्र आलेच नाहीत! कार्यक्रम पुढं ढकलला. संध्याकाळी अजिनाथनं छत्री परत दिली आणि म्हणाला, जा घरी.

"गावात सोड की मग."

"सर, आमाला आणायची ऑर्डर असती. सोडायची नसती."

मोज्यांशिवाय बूट घालून फाट्यापासून गावापर्यंत चालत येताना मी मनातल्या मनात भाषण तयार केलं. व्यक्तिस्वातंत्र्य! मूलभूत हक्क! गाव पेटून उठेल, अशी माझी खात्री होती. पारावर सगळे वाटच बघत होते. परमेश्वर पुढं झाला. हा पारावर बसण्याशिवाय दुसरं काही करत नाही.

"गुर्जी, फुकट गेलते म्हणं!"

"अरे, मला स्थानबद्ध केलं होतं!"

"त्ये आसूं द्या. पोहे देत्यात का खरंच?"

"माझ्या स्वातंत्र्यावर घाला आलाय, परमेश्वर!"

"हां, पर फुकट ना?"

सरकारवर ज्या गावाचा काडीचा विश्वास उरला नव्हता, त्या गावाचा सरकारच्या एका गोष्टीवर मात्र लख्ख विश्वास बसला. अर्ज केल्यावर नळ येत नाही, रस्ता येत नाही, एसटी येत नाही. धमकी दिल्यावर गाडी येते!

भूमिपूजनाची नवी तारीख निघाली. नेमका बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. वर बाजारचा दिवस! सुंदरबाई त्याच संध्याकाळी दारात.

"गुर्जी, ह्या खेपंच्या आंदोलनात ऋतुजाचं बी नाव घाला."

माझा पारा चढला. "अहो, लोकशाही म्हणजे काय जीपगाडी आहे का?"

"जीपगाडी येती तरी," आतून वत्सलाबाई म्हणाल्या.

मी ऋतुजाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं कागद ओढला. एकीचं नाव लिहितो तोवर बातमी फुटली. परमेश्वरला इंजेक्शन घ्यायचं होतं. गीताबाईला कोंबड्या विकायच्या होत्या. खुद्द वत्सलाबाईंना शिंप्याकडून ब्लाऊज आणायचा होता. ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून जे गाव बदनाम, ते गाव आंदोलनाला झाडून हजर!

ठरल्या दिवशी गाडी आली. अजिनाथ उतरला आणि पिशव्या घेऊन उभी असलेली रांग बघून थबकला.

"सर, हे काय? मी एकदोघांच्या हिशेबानं आलो होतो!"

"असंतोष वाढलाय," मी म्हणालो.

"जे खरे आंदोलक हायेत तेच बसा! बाकीचे घरी!"

"मी लई डेंजर हाय सायेब!" परमेश्वर दंड काढून पुढं घुसला. "मला मोकळं सोडूच नका!"

"आन् या कोंबड्या कावून?"

गीताबाईनं टोपली पुढं केली. "सायेब, त्यात एक काळी हाय! जप्त करा, पर मालकिणीसंगट!"

एकेक करत सगळे कोंबले. शेवटी ऋतुजा. तिच्या हातात पॅड आणि हॉलतिकीट. अजिनाथनं हात आडवा घातला.

"ही न्हाई. ही सरळ सरळ पेपरला चाललीय. हिला कशी धरू? वर काय सांगू?"

काळीपिवळीची वेळ केव्हाच टळून गेली होती. सुंदरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "पोरी, घोषणा दे!"

ऋतुजानं आजीकडं बघितलं. डोळे मिटले. आणि त्या पोरीच्या नरड्यातून असा आवाज निघाला की लिंबावरचे कावळे उडाले.

"एसटी आमच्या हक्काची! न्हाई कुणाच्या बापाची!"

"अगं बया!" अजिनाथ दोन पावलं मागं सरला. "घ्या हिला! म्होरंच बसवा माझ्याजवळ!"

खरं सांगतो, माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं फळ्यावर हक्क लिहिले, पण ते कुणाच्या तोंडून असे ऐकले नव्हते.

ठाण्यात पोचलो तर साडेदहा. मी रुबाबात म्हणालो, "अजिनाथ, आता हिला केंद्रावर सोड."

"सोडू? मंत्री जाईस्तोवर कुणालाच सोडायचं न्हाई सर. सायबांची ऑर्डर हाय."

मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली! गाडीत बसायचं कसं, याचा मी रात्रंदिवस विचार केला होता. गाडीतून उतरायचं कसं, हे डोक्यातच आलं नव्हतं!

"अरे, तिचा पेपर आहे! कलम एकोणीस! कलम एकवीस!"

"सर, ते पास झालो तवाच इसरलो."

मी साहेबांना फोन लावायला लावला. साहेब म्हणाले, एकाला सोडलं तर सगळेच सुटतील. ऋतुजा बाकावर बसली होती. पॅड छातीशी धरलेलं, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मघाशी कावळे उडवणारी पोरगी परत मुकी झाली होती. आणि तिला इथं आणून बसवणारा कोण? तर मी! मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात वत्सलाबाई पदर खोचून उठल्या.

"जमादार, तुमाला ही पोरगी बंदोबस्तात पायजे ना?"

"व्हय मावशी."

"मंग हितं कावून ठेवली? हितं काय बंदोबस्त हाय? परमेश्वर दोनदा सुपारी आणून आला भायेर जाऊन!"

अजिनाथनं चमकून परमेश्वरकडं पाहिलं. परमेश्वरनं चघळणं थांबवलं.

"त्या परीक्षेच्या जागी बघा," वत्सलाबाई पुढं म्हणाल्या. "कापीमुक्ती का काय ती चालू हाय ना? भिताडावर कॅमेरे, वर ड्रोन फिरतंय, दाराला पोलीस. आत गेलेल्याला तीन तास बोलता येत न्हाई, हालता येत न्हाई, मोबाईल तर दारातच काढून घेत्यात. याच्यापरीस चांगली कोठडी हाय का तालुक्यात?"

अजिनाथच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. त्यानं परत फोन लावला.

"सायेब, यातली एक महिला आंदोलक लईच जहाल हाय. घोषणा देती. तिला जास्त बंदोबस्ताच्या ठिकाणी हलवू का?"

"हलव! ताबडतोब हलव!"

भोंगा वाजवत गाडी निघाली. परीक्षा केंद्रासमोर ती करकचून थांबताच गेटवरच्या पोरांनी आपापले खिसे गटारीत रिकामे केले. दोन महिला पोलिसांच्या मधून ऋतुजा आत गेली आणि तिच्या मागं गेट बंद झालं. कॉपीमुक्त अभियानात तालुक्यात आमचं केंद्र पहिलं आलं. त्याचं श्रेय मात्र आम्हाला कुणी दिलं नाही!

दुपारी मंत्रीसाहेब आले. ठाण्याच्या खिडकीतून लाऊडस्पीकर स्वच्छ ऐकू येत होता. साहेब म्हणाले, "आज मला इथं एकही निवेदन आलं नाही, एकही काळा झेंडा दिसला नाही. याचा अर्थ जनता समाधानी आहे!" आम्ही आतून टाळ्या वाजवल्या. परमेश्वरनं तर शिट्टी मारली.

आठवड्यानं माझ्या निवेदनाला उत्तर आलं. हो, आलं! आयुष्यातलं पहिलं उत्तर! आगारानं कळवलं होतं: 'पोलीस अहवालानुसार आपल्या गावातून शासकीय वाहनाने प्रवासी वाहतूक सुरळीत सुरू असल्याचे दिसून येते. सबब, स्वतंत्र बससेवेची आवश्यकता नाही.'

ते वाहन माणसं नेतं, परत आणत नाही, हे कळवायला मी पेन उघडलं. वत्सलाबाईंनी ते बंद केलं. "ऱ्हाऊ द्या. नेणं बी बंद करतील."

आता माझ्या भिंतीवर बोर्डाचं वेळापत्रक लावलंय. प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी मी ठाण्यात एक 'अन्यथा' पाठवतो. मंत्री नसले तर आमदार, आमदार नसले तर कुठल्यातरी महामंडळाचे माजी संचालक, पण कुणाच्या तरी विरोधात आम्ही असतोच. उभ्या हयातीत एक मोर्चा न काढलेला मी आता ठाण्याच्या लेखी तालुक्यातला सर्वात सराईत आंदोलक आहे. अजिनाथ वेळेवर येतो. ऋतुजाची घोषणा आता त्याला पाठ झालीय.

परवा राज्यशास्त्राचा पेपर होता. गाडीत ऋतुजा पुस्तक मिटून माझ्याकडं वळली. ती आता बोलते, बरं का.

"सर, 'लोकशाहीत नागरिकांचा सहभाग' हा प्रश्न येणार हाय म्हणं. पुस्तकातलं लिहू का खरं लिहू?"

पुढच्या सीटवर अजिनाथनं कान टवकारले. मी आयुष्यभर जे शिकवलं ते एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. गाडी फाट्यावरच्या खड्ड्यात आदळली. मी दांडी घट्ट धरली आणि हळूच म्हणालो,

"पुस्तकातलंच लिही, बाई. खरं लिहिलंस तर फेरपरीक्षेला परत ह्याच गाडीनं यावं लागंल!"