निखालस दिलगीर

इंग्लंडातल्या ग्रिम्झबीत मॉरीन डॉब्सनच्या पलंगावरचं छत गळायला लागलं आणि त्याबद्दल संस्था दिलगीर होती.

संस्था म्हणजे घरमालक. अख्ख्या गल्लीतली घरं तिचीच, वरचा रिकामा फ्लॅटही तिचाच. मॉरीनने फोन लावला. पलीकडची पोरगी साखरेत घोळून बोलली, "आम्ही दिलगीर आहोत."

"असू दे गं, काही हरकत नाही," मॉरीन म्हणाली.

झालं. तक्रार निकाली. संस्थेचा नियमच तसा. भाडेकरू 'हरकत नाही' म्हणाला म्हणजे त्याचं समाधान झालं. आणि ग्रिम्झबीत समोरच्याने दिलगिरी दाखवली की तोंडातून 'हरकत नाही' आपोआप निघतं, शिंकताना डोळे मिटतात तसं.

"ताई, येडी झालीस का तू?" धाकटी बहीण ग्लेंडा खवळली. "उशाशी बादली घेऊन झोपतेस, आणि म्हणे हरकत नाही!"

"अगं, ती एवढं गोड बोलली. मग तोंड कसं वाजवायचं?"

दुसऱ्या फोनला मॉरीनने तोंडात बिस्कीटच धरलं. भलतं काही निसटायला नको.

"अजून गळतंय? मग नुसतं 'दिलगीर' पुरणार नाही," पोरगी म्हणाली. "पण त्याच्या वरचा शब्द वापरायचा मला अधिकार नाही. 'मनापासून' आमच्या साहेबांकडे असतं. जोडून देते."

साहेब मनापासून दिलगीर झाले. मॉरीनने बिस्कीट गिळलं. "हरकत नाही हो साहेब."

तोवर छताला चांगलं पोट सुटलं होतं. शेवटी संस्थेने प्लंबर पाठवला. बॅरी. या गल्लीतले सगळे नळ त्याच्या ओळखीचे. पण आला तो हात हलवत.

"पाना कुठाय रे तुझा?"

"जमा करून घेतले सगळे पाने. खर्च झेपेना म्हणे. आता आमचं प्रशिक्षण झालंय." बॅरीने छताकडे बघितलं, छातीवर हात ठेवला, मान शिकवल्यासारखी तिरकी केली. "आम्ही अत्यंत मनापासून दिलगीर आहोत."

"बाबा रे, वरच्या फ्लॅटचा कॉक तेवढा बंद कर ना."

"ते आता माझ्या कामात बसत नाही, मॉरीन."

"पण येतो ना बंद करता?"

"येतो की! दोन मिनिटांचं काम. त्याबद्दलपण अत्यंत मनापासून."

'हरकत नाही' मॉरीनच्या ओठांवर आलं, पण तिने ते दाबून धरले. समाधान न झालेली भाडेकरू! संस्थेत धावपळ उडाली. आता वर एकच शब्द उरला होता, 'निखालस', आणि तो फक्त संचालकांना वापरता यायचा.

संचालक फोटोवाल्याला घेऊन आले. ग्लेंडा दारात कमरेवर हात ठेवून उभी. "ताई, तोंड उघडलंस ना, तर माझ्याशी गाठ आहे."

फोटो बरा यावा म्हणून संचालक बरोब्बर छताच्या त्या पोटाखाली उभे राहिले. घसा खाकरला.

"मॉरीनबाई, झाल्या प्रकाराबद्दल आम्ही निखालस, बिनशर्त, अगदी अंतःकरणाच्या तळापासून..."

छत कोसळलं. महिनाभराचं पाणी, चुना, लाकडाच्या पट्ट्या, सगळं संचालकांच्या सुटावर.

"अगं बाई! सॉरी साहेब, सॉरी, सॉरी! चुकलंच माझं!" मॉरीन टॉवेल घेऊन धावली.

संचालकांनी भुवईवरचा चुना झटकला आणि मोठ्या मनाने म्हणाले, "हरकत नाही."

चूक खुद्द भाडेकरूनेच कबूल केली, तेव्हा छत नवं घालायचं काम आता मॉरीनचं. संचालकांचा सूटही तिनेच धुऊन द्यायचा. तिने त्यांना दारापर्यंत सोडलं, आणि वर आभारही मानले.

हसताय? हसा की. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणून ठेवलाय, त्यावर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' अशी पाटी आहे. पाटी गंजली, खड्डा तस्साच. तुम्ही ती वाचता, चपला सांभाळता आणि मुकाट कडेकडेने निघून जाता.

संस्थेने लिहून घेतलंय, तुमचं समाधान झालं म्हणून.