माहेरच्या गोलला सासरचा हॉर्न

गाडीला गुरांच्या ट्रकचा हॉर्न बसवून घ्यायची अक्कल माझीच. कुणी सुचवलं नव्हतं, कुणी आग्रह केला नव्हता. एवढा मोठा मूर्खपणा मी एकटीच्या बळावर केला, हे आधीच सांगून टाकते.

त्याचं असं आहे, मी मिंडोराची. लग्न होऊन टॅलबरीत आले त्याला एकोणीस वर्षं झाली. गाडीनं वीस मिनिटांचं अंतर, पण फुटबॉलच्या मैदानावर तेच अंतर सात जन्मांचं. शनिवारी आमच्याकडे सगळ्या गाड्या मैदानाच्या कठड्याला नाक लावून उभ्या राहतात. आपला गोल झाला की आत बसूनच हॉर्न वाजवायचा. (त्या गारठ्यात टाळ्या वाजवायला काच खाली कोण करणार?) आणि माझ्या गाडीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेली मेंढी. दर गोलला शेजारच्या सीटवरून सासूबाई विचारायच्या, "नरेल, नीट दाबतेस ना? की आपलं दाखवायला?"

एकोणीस वर्षं! टॅलबरीच्या पोरांच्या चिखलानं भरलेल्या जर्स्या मी धुतल्या. क्लबच्या स्वयंपाकघरात सॉसेजबरोबरचे कांदे चिरून चिरून डोळे गेले माझे. पण केक विकायच्या टेबलाला हात लावू दिला नाही कधी. ते टेबल सासूबाईंच्या ताब्यात, आणि 'मिंडोराच्या बाईनं' तिथं उभं राहायचं म्हणजे काय!

म्हणून माझ्या माहेरच्या टीमशी सामना होता त्या आठवड्यात मी दिराला, डीनला गाठलं. त्याचा गुरांचा ट्रक आहे.

"वहिनी, हा हॉर्न ऐकून बैल रस्ता सोडतात," तो म्हणाला.

"बैलांचं राहू दे. सासूबाईंना ऐकू गेला म्हणजे झालं."

शनिवारी पहिला गोल आमचा, म्हणजे टॅलबरीचा. मी दाबला. सासूबाईंच्या हातातला चहा थेट समोरच्या काचेवर. कठड्यावरचे पक्षी उडाले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत.

"आता कसं!" सासूबाई म्हणाल्या. मला रडूच यायचं बाकी होतं.

आणि आमची टीम! वर्षभर सगळ्यांचा मार खाल्लेली पोरं त्या दिवशी अंगात आल्यासारखी खेळत होती. शेवटचा क्वार्टर आला तेव्हा आमचे सतरा गोल (आमच्या इकडच्या फुटबॉलमध्ये एका गोलचे सहा गुण), मिंडोराचा एकही नाही. समोरच्या बाजूला त्यांच्या गाड्या अंत्ययात्रेला आल्यासारख्या गप्प.

सासूबाई मात्र धुमसत होत्या. "तो बघ, परत डाव्या पायानं मारला. याच्या बापानंही असंच वाटोळं केलं होतं."

"अहो आई, आपण शंभर गुणांच्या वर पुढे आहोत!"

"म्हणून काय कसंही मारायचं?"

अठराव्या गोलला मी असा काही हॉर्न दिला की त्यांनी डब्यातलं शेवटचं लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेला तो चॉकलेटचा केक, माझ्यापुढे धरलं. म्हणाल्या, "माझे गुडघे आता दिवसभर उभं राहू देत नाहीत. पुढच्या शनिवारपासून केकचं टेबल तूच बघ."

एकोणीस वर्षांनी! तोंडात लॅमिंग्टन, डोळ्यांत पाणी.

तेवढ्यात मिंडोराचा एक तांबड्या केसांचा पोरगा चेंडू घेऊन सुटला. अगं बाई, हा तर लॅकी! माझ्या भावाचा, ग्लेनचा मुलगा. पहिलाच सामना त्याचा. त्याला चेंडू मारायला मीच शिकवलं, आमच्या मेंढ्यांच्या वाड्यात. मी फक्त नीट दिसावं म्हणून (फक्त दिसावं म्हणून!) सीटवरून उठले. त्यानं मारला, चेंडू दोन उंच खांबांच्या बरोबर मधून गेला, आणि माझं कोपर हॉर्नवर.

मी कोपर काढलं. हॉर्न थांबेना.

मैदानावरच्या पोरांना वाटलं वेळ संपली. ती एकमेकांशी हात मिळवायला लागली. वेळ संपल्याचा भोंगा वाजवायचं काम आमच्या नवऱ्याचं. क्रेग त्याच्या खोपट्यातून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "मी नाही! मी नाही वाजवला!" दुपारभर गप्प असलेल्या मिंडोराच्या गाड्यांना चेव चढला. त्यांनी एकजात हॉर्न देऊन मला साथ केली. वर ग्लेन अर्ध्या मैदानाला वळसा घालून धावत आला, खिडकीतून माझा मुका घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेवटी माहेर ते माहेर, नरेल!"

"अरे, अडकलाय तो! डीन! कुठं मेलास?"

डीननं येऊन बॉनेट उघडलं आणि वायर उपटली. मग जी शांतता पसरली, त्यापेक्षा हॉर्न बरा होता. शेजारच्या गाडीतले म्हातारे नेव्हिल, ज्यांनी दुपारभर अंगठा वर करून मला शाबासकी दिली होती, त्यांनी काच वर केली.

माझं डोकंच फिरलं. "आई, हा अन्याय आहे! अठरा गोलांना अठरा वेळा वाजवला तो कुणाला ऐकू आला नाही, आणि एकदा कोपर लागलं तर मी फितूर? कोपर होतं ते! तुम्ही शेजारीच होतात. तुम्ही तरी सांगा यांना!"

सासूबाईंनी लॅमिंग्टनचा रिकामा डबा बंद केला, मांडीवरचा चुरा झटकला.

"पुढच्या शनिवारी," त्या म्हणाल्या, "कांदे जरा बारीक चीर."