धाकटे भावजी आणि बंद फोल्डराची मोहीम

श्री. शाळांच्या प्रयोगशाळांस परीक्षानळ्या, चंचुपात्रे, शंकुपात्रे व ब्युरेट पुरविणारी जी काचपेढी, तिच्या मालकीण राजमान्य थोरल्या वहिनी यांणी आज्ञा केली, की मंगळवारी पेढीवर जो प्रसंग गुदरला तो आदिपासोन अंतापर्यंत, कोणाची भीड न धरितां लिहावा, म्हणजे पुढे कोणी शहाणा तसे करू धजणार नाही. त्यावरोन ही हकीकत लिहिली आहे. यांत ज्यांचे हसे जाहले ते वहिनींचे धाकटे दीर, सर्वांचे भावजी, यांची लिहिण्यास संमती आहे. म्हणजे त्यांस विचारिले आणि ते गप्प राहिले.

पेढीचा मुलूख म्हणावा तर अडीच खोल्या. पुढे दुकान, मध्ये वहिनींची खोली, मागे गोदाम. तीन ठिकाणी तीन संगणक, आणि त्यांत मधल्या खोलीतला तो मुख्य. त्याचे पोटात एक फोल्डर, फोल्डरात हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एक फाईल, आणि त्या एका फाईलीवर तमाम पेढीचा प्राण. दुकानचा व गोदामचा संगणक तारेवाटे तेथे जावोन तीच फाईल उघडीत, आणि कोणता माल कितव्या नंबरच्या खोक्यात व कोणत्या फळीवर आहे, तें त्या फाईलीस ठाऊक, दुसऱ्या कोणास नाही. मुख्य संगणकावरोन वहिनी फक्त येणे-देणे पाहात, खोक्यांची यादी दुकान व गोदाम येथूनच दिसे. गोदामात चारशे खोकी, सगळी एका रंगाची, वर फक्त नंबर.

भावजी आठ महिन्यांमागे पाणीपुरवठा कचेरीतून हेडक्लार्क म्हणोन निवृत्त जाहले. घरी बसोन पंधरा दिवस लोटले नाहीत तों त्यांचे कुटुंबाने सांगितले, की दिवसभर पायात पायात येता, कोठे तरी जावोन बसत जा. म्हणोन ते पेढीवर येवो लागले आणि आले ते आपणच आपणास नेटवर्कप्रमुख ही पदवी देवोन बसले. या पदवीस आधार इतकाच, की एकदा बहिणीचे घरच्या प्रिंटरात अडकलेला कागद त्यांणी ओढोन काढिला होता आणि प्रिंटर चालू जाहला होता. ही लढाई ते अद्याप सांगतात.

मंगळवारी सकाळी दहा वाजता हिशेबनीस बाई दुकानच्या संगणकावर बसल्या. बावीस वर्षे पेढीची चाकरी, बोलणे मोजके, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांणी सॉफ्टवेअर उघडिले आणि पडद्यावर फर्मान आले, की या फोल्डरात शिरण्याची आपणास परवानगी नाही. तोंच मागून गोदामकाकांची वर्दी आली, की तेथेही तोच मजकूर आहे. आणि दिवस तर निकडीचा. लांबच्या एका शाळेत दुसरे दिवशी साठ मुलांची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा, तिजकरितां तीस ब्युरेट आणि बाकी सरंजाम त्याच दिवशी रवाना होणे जरूर, आणि दोन वाजता ट्रक सुटणार. वहिनी आंतल्या खोलीत त्याच शाळेचे मुख्याध्यापिकेस फोनवर शब्द देत होत्या, की माल निघाला म्हणोन समजावे.

भावजींस हे वर्तमान कळतांच ते खुर्चीवरोन उठले आणि पाटलोण वर ओढोन दुकानात दाखल जाहले. आठ महिने ते या घडीची वाट पाहात होते. गिऱ्हाइकीस दोन शिक्षक उभे होते, त्यांचेदेखत भावजींनी बाईंची जबानी घेतली.

"कशाकशाला हात लावलात?"

"रोज लावते त्याच कीबोर्डाला," बाई म्हणाल्या.

"मग आपोआप बिघडलं का? तसं नसतं हो. काहीतरी दाबलं गेलं असेल तर सांगून टाकावं माणसानं. त्यात लाज कसली?"

बाईंणी चष्मा काढिला, डबीत घातला, डबी पर्समध्ये घातली, गोदामाचे दारात जावोन काकांस म्हणाल्या, "मी घरी जाते," आणि पायऱ्या उतरोन गेल्या. शिक्षकांपैकी एकजण भिंतीवरील मूलद्रव्यांचा तक्ता फार लक्ष देवोन वाचू लागला. भावजींस वाटले, की फितूर सांपडला, आतां किल्ला काय, घटकाभराचे काम.

मग मोहीम सुरू जाहली. पहिले हल्ल्यास भावजींनी तिन्ही संगणक बंद केले, मोठ्याने दहा आंकडे मोजिले आणि पुन्हा चालू केले; मुख्य संगणक स्वतः चालू होतांना पासवर्ड पुसत नसे, तारेवाटे येणारांसच पुसे. फर्मान तेंच. दुसरे हल्ल्यास टेबलाखाली शिरोन निळ्या तारा पिवळ्यांचे जागी आणि पिवळ्या निळ्यांचे जागी लाविल्या, आणि बाहेर येतांना डोके आपटोन घेतले, आणि दुकानचा फोन मुका जाहला तो कां जाहला हे त्यांस तेव्हां कळले नाही व त्यांणी कोणास सांगितलेही नाही. तिसरे हल्ल्यास फायरवॉल म्हणोन जी संगणकाची तटबंदी ती शत्रूची समजोन स्वहस्ते पाडिली. ती आपलीच होती. चौथे हल्ल्यास सॉफ्टवेअरचे पोटात हिंडतां हिंडतां त्यांस एक चौकोन सांपडला, की 'इतर संगणकांसाठी हा संगणक यजमान आहे'. वास्तविक ही खूण एकट्या मुख्य संगणकावर असावयाची. भावजींस मसलत सुचली, की एक यजमान कमी पडत असेल तर तीन करावे. मग तिन्हींवर खूण केली. एका घरात तीन यजमान आणि पाहुणा एकही नाही, तेव्हां पंगतीस बसणार कोण, हा विचार त्यांचे मनास शिवला नाही. त्याउपर मुख्य संगणकावर 'एकट्याने वापर' असेंही एक बटण होते, तें गर्दी कमी व्हावी म्हणोन दाबिले.

बारा वाजले. वहिनी बाहेर आल्या आणि विचारित्या जाहल्या, की बाई कोठे आहेत. भावजी म्हणाले, "घरी काहीतरी काम निघालं असावं." हें वाक्य बोलतांना ते तारेकडे पाहात होते.

वहिनींचा हुकूम जाहला, की आतां पुरे, दुरुस्तीवाल्यास बोलवा. भावजींनी मोबाइल लाविला. दुरुस्तीवाल्याने सगळी हकीकत ऐकिली आणि एकच सवाल केला.

"मुख्य कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललाय का कोणी?"

"छे. कोण बदलणार?" भावजी म्हणाले.

आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडतात न पडतात तों त्यांस सोमवार आठवला. सोमवारी सायंकाळी मोबाइलवर नातेवाइकांचे गटात निरोप आला होता, की चोर हल्ली भिंत फोडीत नाहीत, पासवर्ड फोडितात. तो वाचोन भावजींनी मुख्य संगणकाचा पासवर्ड त्याच पावली बदलिला, कुटुंबाचे माहेरचे लाडके नाव आणि पुढे आपले बुटाचा नंबर असा बळकट केला, आणि पेढीवर मोठा उपकार केला या समाधानात कोणास न सांगतां घरी गेले, आणि जेवतेवेळी विसरले. बाकीचे दोन संगणक सकाळपासोन जुनाच पासवर्ड घेवोन दार ठोठावीत होते. गनीम परमुलखातून आला नव्हता. गनीम मोबाइल कानास लावोन टेबलापाशी उभा होता.

दुरुस्तीवाला म्हणाला, की परवा येतो. भावजी बरे म्हणाले.

आतां येथे लिहिणारास लेखणी थांबवावीशी वाटते, परंतु भीड न धरावी अशी आज्ञा आहे. भावजींनी तेव्हांच वहिनींस सांगितले असते तर गोष्ट वेगळी होती. त्यांणी मनांत तजवीज केली, की गुपचूप दोन्ही संगणकांवर नवा पासवर्ड घालावा, फाईल उघडली म्हणजे कोणी कारण पुसत नाही, आणि बाई काय, उद्यां येतीलच. मग चोरपावलांनी दुकानात गेले आणि नवा पासवर्ड घातला, आणि फोल्डर उघडला, आणि त्यांस धन्यता वाटली, आणि फाईलीवर बोट ठेविले, तों दुसरे फर्मान आले, की ही फाईल दुसऱ्या संगणकाने एकट्यासाठी धरोन ठेविली आहे. गोदामात गेले तेथेही तेंच. आपण सकाळपासोन काय काय दाबिले तें आठवो लागले, तों अर्धे आठवेना आणि जें आठवले तें उलट कसे करावे हें कळेना.

गोदामकाकांनी तोंवर नाइलाजाने खोकी एकेक फोडावयास घेतली होती. चाळीस खोक्यांत नरसाळी निघाली, थर्मामीटर निघाले, रबरी बुचे तर इतकी निघाली की काका त्यांवरोन घसरले. ब्युरेट एकही नाही. ट्रक दाराशी येवोन लागला. काका गुडघा चोळीत म्हणाले, "सॉफ्टवेअर बसवलं तेव्हा बाई त्या माणसामागे उभं राहून सगळं वहीत लिहून घेत होत्या. त्या असत्या तर एव्हाना झालं असतं. आणि त्या काही घरच्या कामाला गेल्या नाहीत भावजी. मी चेहरा पाहिलाय त्यांचा."

बाईंचे घर मागचे दुसरे गल्लीत, तिसरे मजल्यावर. भावजी निघाले. पहिल्या मजल्यापर्यंत त्यांणी एक भाषण तयार केले, दुसऱ्यावर तें मोडिले, आणि तिसऱ्यावर पोचले तेव्हां दम लागल्यामुळे बोलणेच होईना. बाईंणी दार उघडिले. हातात भाजी निवडण्याचे काम अर्धे टाकिल्याची खूण म्हणोन मेथीची एक काडी होती.

"एक जरा तांत्रिक अडचण आहे," भावजी म्हणाले.

"माझ्यामुळेच ना?"

भावजी कठडा धरोन उभे राहिले. पाणीपुरवठा कचेरीत चौतीस वर्षे त्यांणी लोकांच्या चुका लाल शाईने खुणाविल्या होत्या. आपल्या कशा सांगाव्या याचा नमुना त्या कचेरीत नव्हता.

"नाही. माझ्यामुळे. काल मी पासवर्ड बदलला आणि विसरलो."

"आठवलं कधी?"

"बारा वाजता."

बाईंणी आंत घड्याळाकडे पाहिले. "आता सव्वा वाजलाय."

"हो."

"सकाळी तुम्हाला ठाऊक नव्हतं, ते मी सोडून दिलं असतं. पण बारापासून ठाऊक होतं. हा सव्वा तास माझ्या नावावर का ठेवलात?"

ते म्हणाले, "भित्रेपणा. दुसरं काही नाही." आयुष्यात इतके थोडक्यात ते पूर्वी कधी बोलले नव्हते.

बाईंणी काडी आंत ठेविली, पर्स व वही घेतली आणि दार ओढोन घेतले. "चला. पण हे जिन्यात बोललात ते पुरणार नाही. सकाळी जिथं बोललात तिथं उभं राहून बोला."

मग भावजी दुकानात जेथे सकाळी उभे होते तेथेच उभे राहिले. वहिनी होत्या, काका होते, ट्रकवाला होता, आणि शिक्षकांपैकी तो तक्ता वाचणारा पावती विसरला म्हणोन परत आला होता, तोही होता. भावजींनी सांगितले, की दोष बाईंचा नव्हे, पासवर्ड मी बदलिला, बारा वाजता उमगले तरी लपविले, आणि वहिनींशीही खोटे बोललो. आवाज पाणी गेलेल्या नळासारखा येत होता, तरी शेवटपर्यंत आला. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकोन घेतले. मग म्हणाल्या, "घरचं माणूस म्हणून मी तुम्हाला काही बोलणार नाही असं समजू नका. संध्याकाळी बोलेन. आधी ट्रक."

बाईंणी चष्मा लाविला आणि मुख्य संगणकावर बसल्या.

"तिन्हीकडे यजमान कोणी केलं?"

"मी."

"एकट्याने वापर?"

"मीच."

"फायरवॉल पाडलीय तीही तुम्हीच?"

"हो. तीपण."

"आणि दुकानचा फोन का बंद आहे?"

भावजींनी पिवळ्या तारेकडे बोट दाखविले.

मग बाईंणी वही उघडोन एकेक ठाणे सोडविले. तारा आपापल्या जागी लाविल्या. दुकानची व गोदामची यजमानपदाची खूण काढिली आणि एकट्या मुख्य संगणकाकडे तो मान राहू दिला. एकट्याचा वापर मोडोन सर्वांचा केला. तटबंदी पुन्हा उभी केली आणि सॉफ्टवेअरास जाण्या-येण्यापुरता दरवाजा तींत ठेविला. नवा पासवर्ड दुकान व गोदामच्या संगणकांस नीट लक्षात ठेवण्यास सांगितला; तो काय आहे हें भावजींस सर्वांदेखत उच्चारोन सांगावे लागले, आणि बुटाचा नंबर ऐकोन ट्रकवाला हंसला. एक वाजोन बावन्न मिनिटांनी दुकानात फाईल उघडली. मग गोदामात उघडली. काकांची आरोळी आली, की ब्युरेट दोनशे बारा नंबर, वरची फळी, आणि शिडी भावजींनी धरिली, कारण तेवढेच काम त्यांजकडे निर्धास्त सोपविता येण्याजोगे होते. दोन वाजोन पंचवीस मिनिटांनी ट्रक सुटला. ट्रकवाला उशिराबद्दल कुरकुरला, परंतु गेला. सायंकाळी मुख्याध्यापिकेचा फोन आला, की माल पोंचला, एकही नळी फुटली नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फत्तेचे मानकरी हिशेबनीस बाई, त्यांस गोदामकाकांची कुमक. भावजींकडील नुकसान: डोक्यास एक टेंगूळ, अब्रू बहुतेक सगळी, आणि नेटवर्कप्रमुख ही पदवी, जी त्यांणी स्वतःच घेतली होती ती स्वतःच परत केली. सायंकाळी वहिनी जे बोलल्या तें दार लावोन बोलल्या, सबब या दफ्तरात नाही. बाईंणी पासवर्ड पुन्हा बदलिला. तो वहिनींस सांगितला, काकांस सांगितला.

बुधवारी सकाळी भावजी आले आणि कोठे बसावे हें न कळोन दारातच छत्री झटकीत राहिले, वास्तविक छत्री कोरडी होती. बाई संगणकावरोन मान न वळवितां म्हणाल्या, "खुर्ची ओढा. इथं शेजारी बसा. काय करते ते बघा, आणि हात मांडीवर ठेवा."

भावजी बसले. बाराच्या सुमारास त्यांस वहीत पहिली ओळ लिहिण्याची परवानगी मिळाली. हस्ताक्षर बरे आहे, असा शेरा बाईंणी दिला, तो येथे नोंदिला आहे. लेखनसीमा.